तेवीस वेळा ‘ती म्हणाली’

मॅडमनी रिपोर्ट परत दिला तेव्हा त्यात लाल पेन्सिलीने एकच गोष्ट केलेली होती. ‘ती म्हणाली’ हे दोन शब्द जिथे जिथे आले होते, तिथे तिथे खाली रेघ. आयसीला बसल्यावर त्यांनी मलाच रेघा मोजायला लावल्या. तेवीस निघाल्या. मग त्यांनी विचारलं, “यातलं ती स्वतः किती वेळा म्हणाली?”

प्रश्न कळायलाच मला वेळ लागला.

समाजकार्याच्या अभ्यासक्रमाच्या वाट्याला न गेलेल्यांसाठी थोडं सांगते. आठवड्यातले दोन दिवस आमचं फील्डवर्क असतं, कुठल्यातरी संस्थेत किंवा वस्तीत. प्रत्येक भेटीचा रिपोर्ट लिहायचा. कोण काय बोललं, कसं बोललं, त्या वेळी आपल्या मनात काय चाललं होतं, सगळं. याला प्रोसेस रेकॉर्डिंग म्हणतात. आणि आठवड्यातून एकदा तो रिपोर्ट घेऊन सुपरवायझरसमोर एकटीने बसायचं, ती आयसी, म्हणजे इंडिव्हिज्युअल कॉन्फरन्स. वर्गात गप्प बसून निभावतं, आयसीत नाही.

माझं फील्डवर्क शहराच्या कडेला उभ्या राहिलेल्या इमारतींच्या एका पुंजक्यात होतं. चार भाषांची माणसं. काही तीन पिढ्यांपासून तिथली, काही गेल्या वर्षी सामान घेऊन उतरलेली. कुठलं शहर, कुठल्या भाषा, हे मुद्दाम लिहीत नाही, आणि माणसं ओळखू येऊ नयेत म्हणून काही तपशीलही बदलले आहेत.

तर त्या घरी मी एका मंगळवारी सकाळी अकराला गेले होते. दार नऊ वर्षांच्या मुलाने उघडलं. आईला माझी भाषा येत नव्हती, मुलाला छान येत होती. मी विचारायची, तो आईला सांगायचा, आई दोन-चार शब्द बोलायची आणि तो मला पाच-सहा वाक्यं ऐकवायचा. घरात कमावतं माणूस एकच. काम नियमित नाही. आजारपण आहे. कागदपत्रं अर्धी आहेत. इतकं सुटसुटीत आणि इतकं क्रमाने, की लिहून घेताना मला कुठे अडावंच लागलं नाही. ‘मुलगा चुणचुणीत आहे,’ असंही मी वहीत टिपलं. दोन शब्दांची सहा वाक्यं कशी होतात, हे तेव्हा खटकलं नाही. पोरगा फॉर्मच्या क्रमाने बोलत होता! आईबरोबर इतक्या खिडक्यांपुढे उभा राहिला होता, की कुठल्या रकान्यात काय सांगितलं की माणसं मान डोलावतात, हे त्याला पाठ झालेलं होतं.

मग मी तो प्रश्न विचारला. घरात कुणी हात उगारतं का, कुणाची भीती वाटते का. विचारताना आवाज मऊ केला होता आणि त्याचं मनातल्या मनात कौतुकही वाटलं होतं. मुलगा आईकडे वळलाच नाही. माझ्याकडे बघत म्हणाला, “नाही.” आईने त्याला काहीतरी विचारलं, बहुधा मी काय म्हणाले ते. त्याने खांदे उडवले. आणि मी वहीत लिहिलं, ‘घरात हिंसा होत नसल्याचे ती म्हणाली.’ तेवीस रेघांमधली ही एकोणिसावी.

मॅडम रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या म्हणाल्या, “नऊ वर्षांच्या पोराला तू त्याच्या आईला काय विचारायला लावलंस, ते एकदा मोठ्याने वाच.” मी वाचलं. शेवटपर्यंत नाही वाचता आलं.

पाठांतरात मी कमी नव्हते. फेलिक्स बिएस्टेक यांनी १९५७ साली मांडलेली केसवर्कची, म्हणजे एकेका माणसासोबत करायच्या कामाची, सात तत्त्वं झोपेतून उठवून विचारली असती तरी सांगितली असती. त्यातलं सातवं गोपनीयतेचं. त्याचा अर्थ मी एवढाच घेतला होता की वही कुलपात ठेवायची आणि बसमध्ये केसबद्दल बोलायचं नाही. एखाद्या बाईला पोटच्या पोरापासूनही काही राखून ठेवायचं असू शकतं, आणि ते राखायला तिला जागा करून देणं हेही माझ्याच कामात येतं, हे डोक्यातच आलं नव्हतं.

यावर तोडगा म्हणून मी काय केलं? आणखी एक चूक.

वस्तीत एक काका होते. चारही भाषा येणारे, प्रत्येक दारावर नाव घेऊन हाक मारणारे. पहिल्या दिवसापासून त्यांनीच मला फिरवलं होतं. आमच्या विषयात अशा माणसाला ‘गेटकीपर’ म्हणतात आणि त्याच्याशी संबंध जपावेत असं शिकवतात. शिकवतात ते खोटं नाही, दारं उघडतात. मी काकांना दुभाषा म्हणून सोबत घेऊन गेले. तीन घरं झाली. बायका हसून बोलल्या, सगळं ठीक आहे म्हणाल्या. मी खूश. खाली उतरताना जिन्यात एका कॉलेजच्या मुलीने गाठलं. “ताई, काकांसमोर कोण काय बोलणार? इथल्या निम्म्या खोल्यांचं भाडं तेच वसूल करतात.”

दोन महिने मी वस्ती बघत होते, ती काकांनी दाखवलेली. ज्या जिन्यांवर ते चढले नाहीत, त्या जिन्यांवर मीही चढले नव्हते. काका वाईट माणूस होते असं मला अजूनही वाटत नाही. माझ्यासाठी त्यांनी बरीच पायपीट केली. पण भाडं घेणाऱ्याच्या तोंडून भाडेकरूचं दुखणं ऐकायला बसणं, यात शहाणपण माझंच कमी पडलं.

शेवटी संस्थेने एका प्रशिक्षित दुभाषी बाईंशी गाठ घालून दिली. त्या एरवी रुग्णालयात काम करायच्या. पहिली भेट फोनवरून झाली. फोन स्पीकरवर ठेवून, मधे दुभाषी घेऊन बोलण्याची ही पद्धत तशी जुनी आहे. ऑस्ट्रेलियात सरकारी दूरध्वनी दुभाषी सेवा १९७३ सालापासून चालत आली आहे. फोनचा एक फायदा असा, की दुभाषी कुणाचीच शेजारीण नसते. तोटा असा, की ती चेहरा पाहू शकत नाही. आमच्या ताई (त्या मुलाच्या आईला मी यापुढे ताईच म्हणेन) फोनकडे बघत एकेका शब्दात उत्तरं देत राहिल्या. पुढच्या वेळी दुभाषी बाई प्रत्यक्ष आल्या.

येण्याआधी त्यांनी मला दहा मिनिटं बसवून घेतलं. आज काय विचारणार आहात, अवघड प्रश्न कुठला आहे, तो आधी मला सांगा, म्हणजे मी दचकणार नाही. मग नियम सांगितले. ताईंकडे बघून बोला, माझ्याकडे नाही. ‘त्यांना विचारा’ असं म्हणू नका, सरळ विचारा. एका वेळी दोन वाक्यं, जास्त नाही. मी ‘मी’ म्हणाले तर तो ताईंचा मी असेल. आणि खोलीत जे बोललं जाईल ते सगळं मी दोन्हीकडे सांगेन. तुम्ही माझ्या कानात काही पुटपुटलात तर तेही.

बसायची जागाही त्यांनीच ठरवली. त्रिकोण करायचा, पण दुभाषीने किंचित मागे, म्हणजे दोघींची नजर एकमेकींवर राहते. हे सगळं ऐकून मला वाटलं, एवढं काय त्यात, बोलायचं तर आहे.

पाचव्या मिनिटाला दुभाषी बाई म्हणाल्या, “मला रात्री झोप लागत नाही.” आणि मी घाईघाईने त्यांच्याकडे वळून विचारलं, “अहो, का? काय झालं?” त्यांनी फक्त डोळ्यांनी ताईंकडे खूण केली. ताई हसल्या. त्यांना हसताना मी पहिल्यांदा पाहिलं, आणि तेही माझ्या फजितीवर.

खरी पंचाईत पुढे झाली. मी प्रास्ताविक सुरू केलं. “आम्हाला या वस्तीत सर्वसमावेशक पद्धतीने काम करायचं आहे आणि त्यात तुमचा सहभाग व सक्षमीकरण…” दुभाषी बाईंनी हात वर केला. आधी ताईंना त्यांच्या भाषेत काहीतरी सांगितलं, मग मला म्हणाल्या, “मी ताईंना सांगितलं की मला तुमचं बोलणं समजलं नाही, म्हणून विचारते आहे. सक्षमीकरण म्हणजे तुम्ही नक्की काय करणार?”

मला सांगता येईना. मराठीतसुद्धा सांगता येईना. २०१४ साली मेलबर्नमध्ये समाजकार्याची जी जागतिक व्याख्या संमत झाली, तिच्यात सामाजिक न्याय, मानवी हक्क, सामूहिक जबाबदारी आणि विविधतेचा आदर ही तत्त्वं मध्यवर्ती मानली आहेत. परीक्षेत मी तिच्यावर दोन पानं लिहून आले होते. त्या खोलीत त्यातलं एक वाक्य चाललं नाही. शेवटी मी म्हणाले, “इमारतीखालचं सभागृह कधी उघडं ठेवायचं आणि कुणी वापरायचं, हे तिथं राहणाऱ्यांनी ठरवावं असं आम्हाला वाटतं. तुम्ही ठरवायला याल का?” याचं भाषांतर एका दमात झालं.

ताईंनी उत्तर दिलं नाही, उलट विचारलं. “तुम्ही वहीत काय लिहिता? ते कोण वाचतं?” आतापर्यंत बरेच जण येऊन विचारून गेले, कुणी परत येऊन काय लिहिलं ते सांगितलं नाही, असं त्या म्हणाल्या. मी सांगितलं, मी वाचते आणि माझ्या मॅडम वाचतात. मग त्या म्हणाल्या, “मागच्या वेळचं काय लिहिलंत?”

वही माझ्याकडे होती. दुभाषी बाई वाट बघत होत्या. मी वाचायला लागले. एकेक वाक्य. ताई ऐकत होत्या. काही वाक्यांवर मान हलवत होत्या, काहींवर ‘हे मी म्हटलं नाही’ असं सांगत होत्या. तिसऱ्या पानावर ‘समस्या’ असा मथळा होता आणि त्याखाली पहिलीच ओळ होती, ‘मुलाची शाळेतील हजेरी अनियमित.’

ताई सरळ बसल्या. “तुम्ही येणार असं काकांनी सांगितलं होतं. बोलायला कुणीतरी पाहिजे, म्हणून मी त्याला त्या दिवशी घरी ठेवलं.”

मंगळवार, सकाळी अकरा. शाळेची वेळ. मी त्याच्याशी दीड तास बोलले, त्याला चुणचुणीत ठरवला, आणि हा आत्ता शाळेत का नाही असा प्रश्न मला एकदाही पडला नाही. वर त्याच्या गैरहजेरीची नोंद मीच केली. दवाखाना, शाळेतली पालकसभा, घरमालक, मग मी. प्रत्येकाला त्या पोराचा एकेक दिवस लागला होता.

तो अवघड प्रश्न मी त्यानंतरच्या भेटीत, फक्त ताई आणि दुभाषी असताना, पुन्हा विचारला. ताई काय म्हणाल्या ते इथं लिहिणार नाही. भेट संपल्यावर दुभाषी बाई आणि मी जिन्यात बसून राहिलो. भेटीनंतरचं हे बोलणंही पद्धतीचाच भाग असतं. ऐकलेलं सगळं त्यांच्या तोंडून, ‘मी’ म्हणून गेलेलं असतं. त्याचा ताण त्यांच्यावर येतो, हे कुणी लक्षात घेत नाही.

याच सुमारास मी वस्तीचा एक नकाशा करत होते. कल्पना उसनी होती. जेन ॲडम्स आणि एलन गेट्स स्टार यांनी १८८९ साली शिकागोत हल हाउस नावाचं वस्तीकेंद्र सुरू केलं. त्या गरीब वस्तीत राहायलाच गेल्या. तिथल्या मंडळींनी भोवतालच्या घरांचं सर्वेक्षण केलं आणि १८९५ साली त्याचे रंगीत नकाशे छापले. एका नकाशात कोण कुठल्या देशातून आलं ते, दुसऱ्यात आठवड्याची मजुरी किती ते. १८ राष्ट्रीयत्वांची माणसं एवढ्याशा भागात राहत होती. नकाशे सुंदर आहेत, आणि मलाही तसंच काहीतरी भिंतीवर लावायचं होतं. चार भाषा, चार रंग.

ताईंच्या घराला मी हिरवा दिला होता. त्यांनी तो बघितला आणि विचारलं, हिरवा म्हणजे काय? सांगितल्यावर म्हणाल्या, माझी भाषा ही, सासूबाईंची वेगळी, आणि मुलं आपापसात इथलीच बोलतात. मग मी शेजारच्या घरी विचारलं. तिथंही दोन. चौथ्या मजल्यावर एका घरात नवरा-बायकोची एकमेकांशी बोलायची भाषा दोघांचीही मातृभाषा नव्हती. नकाशा आठवडाभरात ठिपक्याठिपक्यांचा झाला आणि भिंतीवर लावण्यासारखा राहिला नाही. हल हाउसच्या बायकांची आठवण येत राहिली ती आणखी एका कारणाने. त्या तिथं राहत होत्या. मी पाचला निघून जायचे.

सभागृहाचं ठरवायला घेतलेल्या सभेबद्दल थोडक्यात लिहिते, कारण सभा सगळ्यांच्याच पडतात. पहिल्या सभेची सूचना मी मोबाइलवरच्या यंत्र-भाषांतराने चार भाषांत काढून दारोदार चिकटवली. सात माणसं आली, सातही काकांची. नंतर दुभाषी बाईंना ती सूचना दाखवून म्हटलं, हे मला परत मराठीत सांगा. याला उलट भाषांतर म्हणतात आणि ते सूचना चिकटवण्याआधी करायचं असतं. माझं ‘अवश्य उपस्थित राहावे’ एका भाषेत ‘हजर राहणे बंधनकारक आहे’ असं झालं होतं. ज्यांची कागदपत्रं अर्धी आहेत, अशा माणसांच्या दारावर सही-शिक्क्याशिवायचा तो हुकूम! त्या संध्याकाळी काही घरांनी दिवेसुद्धा लावले नव्हते, असं मागाहून कळलं.

दुसऱ्या सभेला तेहतीस जण आले. वेळ बायकांना विचारून ठरवली होती, जागा तळमजल्यावर. आधी भाषेप्रमाणे छोटे गट, मग सगळे एकत्र. मला वाटलं, आता जमलं. पण एका गटात चार बायका बोलत होत्या आणि पाचवी मागे भिंतीला टेकून उभी होती. भाषा तीच, पण बसायला तिला कुणी सरकून जागा दिली नव्हती. का, ते कुणी सांगितलं नाही आणि सांगायची गरजही नव्हती. एका माणसावर अन्याय करणाऱ्या गोष्टी एकमेकींना छेदून जातात, हे सांगायला किंबर्ले क्रेनशॉ यांनी १९८९ साली ‘इंटरसेक्शनॅलिटी’ हा शब्द दिला. वर्गात आम्ही त्याचे गोल काढतो, एकात एक गुंतलेले. इथं ते गोल भिंतीला टेकून उभे होते.

आणि दाराशी एक तरुण होता. बहिणीच्या हाताकडे बघत होता. तो ऐकू शकत नव्हता. बहीण घरातल्या खुणांनी त्याला जमेल तेवढं सांगत होती. आम्ही चार भाषांचा हिशेब केला होता, सांकेतिक भाषा त्या हिशेबात नव्हतीच. सांकेतिक भाषेला स्वतःचं व्याकरण असतं, ती हातवाऱ्यांची नक्कल नव्हे, हे भाषावैज्ञानिकांनी १९६० पासून दाखवून दिलं आहे. मला ते माहीत होतं. माहीत असून सूचनेत एक ओळ लिहिली नव्हती.

आयसीत मी जरा फुशारकीनेच विचारलं, “मॅडम, ही सभा शिडीच्या कितव्या पायरीवर?” शेरी अर्नस्टाइन यांनी १९६९ साली लोकसहभागाची आठ पायऱ्यांची शिडी मांडली. खालच्या दोन पायऱ्यांवर सहभाग नसतोच, मधल्या तीन देखाव्याच्या, आणि सहाव्या पायरीपासून लोकांच्या हातात खरोखर काहीतरी येतं. मला सहावी अपेक्षित होती.

“सभागृहाची किल्ली कुणाकडे आहे?”

“संस्थेकडे.”

“मग चौथी,” त्या म्हणाल्या. चौथी म्हणजे नुसतं मत विचारणं. किल्लीसाठी मी संस्थेत अर्ज केला. सहा आठवडे लागले. आता दोन किल्ल्या आहेत. एक अजूनही संस्थेकडेच असते, तेव्हा पाचवी म्हणायला हरकत नाही.

सत्र संपताना शेवटची भेट असते. टर्मिनेशन हा त्याचा अधिकृत शब्द, आणि माणसांबाबत असा शब्द वापरायला मला आजही जड जातं. मी, ताई, दुभाषी बाई. त्रिकोण आता आपोआप व्हायचा. पुढच्या वर्षी कोण येणार, ताईंना मदत लागली तर कुठे फोन करायचा, दुभाषी कशी मागायची, हे मी सांगत होते. सांगून झाल्यावर, तुम्हाला काय समजलं ते तुमच्या शब्दांत सांगाल का, असं विचारलं. ताईंनी सगळं बरोबर सांगितलं आणि एक गोष्ट दुरुस्तही केली. मी दिलेला नंबर जुना होता.

तेवढ्यात मुलगा शाळेतून आला. दप्तर खांद्यावरच. मला बघून तो सवयीने आईच्या शेजारी येऊन उभा राहिला, हात मागे बांधून, पुढच्या प्रश्नाची वाट बघत. ताई त्याच्याकडे न वळता काहीतरी म्हणाल्या. खोलीत बोललं जाईल ते सगळं सांगायचं, हा नियम, त्यामुळे दुभाषी बाईंनी मला सांगितलं, “तू जा खेळायला.”

तो क्षणभर थांबला. मग दप्तर दारातच टाकून पळाला.